कोकणची ट्रिप ठरवताय? आधी कालनिर्णय काढा

दर हिवाळ्यात मला कुणाचा ना कुणाचा फोन येतो, चार-पाच दिवस सुट्टी आहे, गाडी आहे, कोकण किनाऱ्याने जायचंय, काय काय बघू सांग. मी विचारतो तिथी काय आहे, की समोरचा हसतो. पण खरंच सांगतो, किनाऱ्यावरची निम्मी ठिकाणं पाणी कुठे आहे त्यावर चालतात, भरती असेल तर एक दिसतं, ओहोटी असेल तर दुसरं, आणि काही ठिकाणी तर जाताच येत नाही.

मला हे कळलं ते फजिती होऊन. बरीच वर्षं झाली, अलिबागला गेलो होतो, बरोबर आत्या होती, दुपारी मस्त वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं, तटावर फिरलो, फोटो काढले आणि परत यायला दरवाजात आलो तर मघाशी जिथून चालत आलो तिथे पाणी. घोडागाडीवाला म्हणाला ही शेवटची फेरी, यायचं तर आत्ता या. मधे पाणी पार चाकाच्या आसाच्या वर आलं, घोडा मान वर करून चालत होता, आत्याने चपला काढून मांडीवर घेतल्या आणि अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलली नाही. किनाऱ्याला उतरल्यावर एवढंच म्हणाली, पंचांग बघून लग्नं लावता, किल्ले बघायला जाताना काय होतं रे?

तर आता हिशोब, जो तिकडे शेंबड्या पोरालाही येतो. तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा, चारने भागा, जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. म्हणजे चतुर्थी असेल तर ४ गुणिले ३ भागिले ४, आले ३, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, त्यामुळे जीव टांगणीला लागेल अशा ठिकाणी फक्त या हिशोबावर जाऊ नका, मोबाईलवर भरतीचं टाइमटेबल मिळतं ते बघा आणि तिथल्या कोळ्याला विचारा, तो पाण्याकडे नुसता बघून सांगतो. पण घरी सोफ्यावर बसून ट्रिप ठरवायला हा हिशोब पुरतो.

अजून एक गोष्ट, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीला पाणी लांबपर्यंत समुद्रात मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. मग कुणी म्हणेल पौर्णिमेलाच जाऊ की, पण पौर्णिमेला पूर्ण ओहोटी येते साडेपाच-सहाला, पहाटे अंधारात नाहीतर संध्याकाळी दिवस बुडताना, किल्ला कधी बघणार? म्हणून माझं मत असं की ट्रिप तृतीया किंवा चतुर्थीला सुरू करावी, ओहोटी सकाळच्या सोयीच्या वेळेला येते आणि पाणीही बऱ्यापैकी उतरतं. पुढे रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते आणि तुम्हीही दक्षिणेकडे सरकत जाता. मी चतुर्थी धरून सांगतो.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट पकडावी, गाडीसकट मांडव्याला साधारण तासाभरात. २०२० साली ही सुरू झाली आणि पेण-वडखळच्या ट्रॅफिकमधून सुटका झाली. शनिवार-रविवारचं बुकिंग आधी करा, ऐनवेळी मिळत नाही. पुण्याहून येणाऱ्यांनी खोपोली-पेण करून यावं. शक्यतो आदल्या रात्री अलिबागला मुक्कामाला पोचा म्हणजे सकाळी धावपळ नाही.

चतुर्थीला सकाळी साडेसात-आठला कुलाबा किल्ल्याकडे चालायला लागा. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर तासभर, एवढीच वेळ आपली म्हणायची. वाळू ओली आणि मधे मधे खडक शेवाळलेला असतो, तेव्हा पकड असलेली सँडल घाला, गुळगुळीत स्लिपर नको. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, काम संभाजी महाराजांच्या वेळी पुरं झालं, आणि मग कान्होजी आंग्र्यांच्या काळात तो आरमाराचं मोठं ठाणंच झाला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले होते आणि हात हलवत परत गेले. आत गणपती आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं देऊळ, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यावर दोन इंग्रजी बनावटीच्या तोफा आहेत, त्यांच्यावर कारखान्याचं नाव अजून वाचता येतं. आणि बघा कसं जुळतं, संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थीच, म्हणजे संकष्टीला सकाळी नऊच्या आसपास वाट मोकळी आणि समोर गणपती. अर्थात हे अख्ख्या रायगड जिल्ह्याला माहीत आहे, त्यामुळे संकष्टीला गर्दी असते, अंगारकीला तर विचारू नका, तेव्हा मी विनायकी चतुर्थीला जातो.

परत आल्यावर गावात कान्होजींची समाधी आहे, ती बहुतेक लोक न बघताच बीचवरून निघून जातात. ते १७२९ मध्ये गेले. दहा मिनिटं लागतात, जा.

दुपारी रेवदंड्याकडे निघा, सतराएक किलोमीटर. रेवदंडा म्हणजे जुन्या चौलचं समुद्राकडचं अंग, पोर्तुगीजांचं ठाणं, आज अख्खी वस्ती तटाच्या आत आहे, म्हणजे तुम्ही किल्ल्याच्या दरवाजातून एसटीच्या मागे मागे गावात शिरता. नारळाच्या वाडीत मधेच पडक्या चर्चची भिंत उभी आणि तिला टेकून कुणाची सायकल. सातखणी मनोरा म्हणतात तो बघाच. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला होता, वास्को द गामाच्याही आधी, त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेत आहे.

खाडीच्या पलीकडे कोर्लई. डोंगराची जीभ समुद्रात गेलीय आणि तिच्यावर किल्ला, खाली दीपगृह. दीपगृहाच्या बाजूने चढलं तर पायऱ्या थोड्या आहेत, सूर्य कलल्यावर जा, वर एका हाताला उघडा समुद्र आणि दुसऱ्या हाताला रेवदंड्याची खाडी, बास. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले पण भाषा ठेवून गेले, खालच्या गावात ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज आणि मराठीची मिसळ असलेली बोली बोलतात, तिला ते नोलिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पण म्हणून कुणाच्या ओट्यावर जाऊन जरा बोलून दाखवा असं म्हणू नका, मी एकांना म्हणताना बघितलंय, लाज वाटली.

काशीद मी तुमच्यावर सोडतो. वाळू पांढरी, पाणी छान, पण सुट्टीच्या दिवशी जत्रा. मुक्काम नांदगाव नाहीतर मुरुडला करा.

पंचमीला जंजिरा. मुरुड गावातून पुढे राजपुरीला जायचं, तिथून शिडाच्या होड्या जातात. मशीन नाही, वारा आणि बांबू, आणि माणसं भरल्याशिवाय होडी सुटत नाही. सकाळी लवकर गेलात तर रांग नसते. होडी निघाली की किल्ल्याकडे नीट बघत राहा, दरवाजा दिसतच नाही, नुसती भिंत, अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधे तो अचानक दिसतो. दरवाजाशी उतरताना होडी वर-खाली होत असते, खलाशी हात देईल तेव्हाच पाय टाका, मोबाईल खिशात. दरवाजाच्या आत भिंतीवर एक शिल्प आहे, वाघासारख्या प्राण्याने हत्ती पकडून ठेवलेत, पायात, तोंडात, शेपटीत, सगळे त्याच्यासमोर नुसता फोटो काढून पुढे पळतात. सिद्दींचा हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही, शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली होती, तरी नाही. सिद्दींचं संस्थान थेट १९४८ मध्ये भारतात आलं. कलालबांगडी तोफेवर सगळे चढतात, तुम्ही चढू नका. तटावरून वायव्येला समुद्रात दुसरा किल्ला दिसतो तो पद्मदुर्ग, महाराजांनी जंजिऱ्याच्या नाकावर टिच्चून बांधलेला. गाइड जे सांगतील त्यातलं अर्धं कौतुकाने ऐका, सगळं लिहून घेऊ नका.

होडीवाला वर थोडाच वेळ देतो, तो आधीच ठरवून घ्या, नाहीतर खाली उतरून हाका मारायला लागतो. पावसाळ्यात हे सगळं बंद, जून ते साधारण ऑगस्टअखेर होड्या सोडत नाहीत. परतताना राजपुरीच्या पुढे खोकरीला सिद्दींचे घुमट आहेत, दगडी जाळीकाम सुंदर, आणि तिथे चिटपाखरूही नसतं.

मग आगरदांड्याहून दिघी, ही पहिली जंगलजेट्टी. जंगलजेट्टी म्हणजे सपाट लोखंडी बोट, पुढचा पत्रा खाली पडतो, त्यावरून गाड्या आत. पहिल्यांदा जाणाऱ्यांची छाती धडधडते म्हणून सांगतो, पत्रा जेट्टीला टेकला की मोठ्ठा खरखर आवाज येतो, तो येतोच, घाबरू नका. पोरगा हात दाखवतो तसंच स्टिअरिंग फिरवा, आपली अक्कल चालवू नका, काही बोटींवर गाडी रिव्हर्स आत घालावी लागते किंवा रिव्हर्स बाहेर. हँडब्रेक, गिअर टाकून ठेवा, बाहेर उतरून कठड्याशी उभे राहा. पैसे रोख ठेवा, सुटे, खाडीत रेंज गेली की तुमचं यूपीआय गोल गोल फिरत राहतं. आणि मॅपला विचारताना फेरी टाळायचं सेटिंग बंद करा, नाहीतर तो तुम्हाला दर वेळी गोवा हायवेला नेऊन सोडेल.

मुक्काम दिवेआगर. इथे १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत खणताना पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये दरोडा पडून तो गेला, २०२१ मध्ये परत बसवला. गावात घरगुती राहायची सोय भरपूर आहे, फक्त जेवणाची वर्दी सकाळीच द्यायची, मोदक हवेत तर आदल्या दिवशी. रात्री नऊला जाऊन आता काय मिळेल विचारलंत तर वरण-भात मिळेल, तोही उपकार म्हणून. सुपारी श्रीवर्धनची रोठा म्हणून घ्या, खाणाऱ्याला ओळख पटते.

षष्ठीला दिवेआगरहून श्रीवर्धनचा रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो, शेखाडी-आरावीकडून, गाडी थांबवत थांबवत जा. श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. पण वेळेचं भान ठेवा कारण षष्ठीला ओहोटी साधारण साडेदहाला आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग मागच्या टेकडीवरून गणेशगल्लीच्या अरुंद पायऱ्या उतरून एकदम खडकावर येता, आणि तो खडक बघून माणूस गप्प होतो, लाटांनी आणि वाऱ्याने खाऊन खाऊन मधाच्या पोळ्यासारखी जाळी झालीय. इथे माणसं वाहून गेलेली आहेत. पाणी चढायला लागलं असेल, पुजारी नको म्हणाला असेल, तर नाही म्हणजे नाही, वरून नमस्कार करा आणि परत फिरा. खडकाच्या कडेला पाठ समुद्राकडे करून सेल्फी तर अजिबात नको, लाट मागून येते.

पुढे बागमांडल्याहून वेश्वी, दुसरी जंगलजेट्टी, ही सावित्री नदी, महाबळेश्वरला उगम आणि इथे समुद्र. उतरलात की रत्नागिरी जिल्हा. बाणकोटच्या किल्ल्यावर गाडी जाते, वरून खाडीचं मुख दिसतं. खाली वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर कासवं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केलं, पिल्लं बाहेर आली की सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. पिल्लू हातात घेऊ नका, फ्लॅश मारू नका. आज पिल्लं निघतीलच असं नाही, मी दोनदा हात हलवत आलोय, तिसऱ्यांदा एकच निघालं आणि ते पाण्यापर्यंत पोचेस्तोवर पन्नास माणसं श्वास धरून उभी.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, उजव्या सोंडेचा. देवळाच्या बाजूच्या गच्चीवरून खाली समुद्र आणि लांब सुवर्णदुर्ग. मुक्काम आंजर्ले किंवा दापोलीचं मुरुड, पहिल्या मुरुडशी गल्लत नको, हॉटेल बुक करताना हमखास होते, आमच्या ओळखीतल्या एकांनी जंजिऱ्याच्या मुरुडला खोली घेतली आणि दापोलीला जाऊन भांडले.

हर्णैच्या माशांचा लिलाव चुकवू नका. षष्ठीला संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास बंदरावर या. होड्या बाहेर उभ्या, मासा बैलगाड्यांतून पाण्यातून वाळूवर येतो, बैल पोटापर्यंत पाण्यात, आणि वाळूवर सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबीचे वाटे लावून बायका बसलेल्या. भाव एवढ्या वेगात होतो की आपल्याला कळायच्या आत टोपली उचललेली असते. मधे उभं राहू नका, कडेला राहा. थोडे घ्यायचे असतील तर लिलावात तोंड घालू नका, किरकोळ विकणाऱ्या मावशी बाजूला असतात, भाव थोडा करा, फार नको, आणि ते घेऊन मुक्कामाच्या ठिकाणी दिले तर तळून देतात बहुतेक जण, आधी विचारा मात्र.

समोर सुवर्णदुर्ग, होडीने जाता येतं. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि दुःख असं की पेशव्यांची त्यात इंग्रजांना साथ होती. त्या जेम्सच्या आठवणीत त्याच्या बायकोने लंडनमध्ये एक मनोरा बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेवरचा. लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींनी शूटर्स हिलला जाऊन बघावा, आणि मग सुट्टीत इकडे येऊन खरा बघावा.

सप्तमीला दाभोळ. बंदराजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, तिसऱ्या जंगलजेट्टीची वाट बघता बघता होते बघून. चंडिकादेवीचं देऊळ गुहेत आहे, आत अंधार, समईच्या उजेडात दर्शन. दाभोळ-धोपावे बोट घेतली नाही तर खेड-चिपळूण करून गुहागरला शंभराच्या वर किलोमीटर पडतात.

पलीकडे गेल्यावर गुहागरला व्याडेश्वर, जेवण, आणि मग वेळणेश्वरवरून थेट हेदवी, कारण सप्तमीला भरती सव्वापाचच्या आसपास. हेदवीचा दशभुज गणपती आधी, मग खाली समुद्रावर उमामहेश्वराच्या देवळामागे बामणघळ. खडकाला उभी चीर पडलीय, भरतीचं पाणी त्यात घुसतं आणि कोंडून वर उडतं. ओहोटीला इथे येणाऱ्याला नुसती भेग दिसते आणि तो मला फोन करून शिव्या घालतो. सप्तमी म्हणजे भांगाकडचं पाणी, त्यामुळे उडी थोडी कमी, पण वारा असला तर भिजवते. घळीच्या तोंडाशी अजिबात जायचं नाही, लांबून.

दुसऱ्या दिवशी तवसाळ-जयगड ही चौथी बोट, सकाळची घ्या. जयगड किल्ला, कऱ्हाटेश्वर, आणि मग मालगुंड, जिथे केशवसुत जन्मले, त्यांचं घर आणि स्मारक आहे. गणपतीपुळ्याला टेकडीची प्रदक्षिणा करा पण समुद्रात उतरू नका, दिसतो शांत, आहे दगाबाज. आरे-वारेचा रस्ता दुपारी उन्हात चकाकतो, संध्याकाळी जास्त बरा. रत्नागिरीत वेळ उरला तर थिबा पॅलेस, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पकडलं, १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, १९१० मध्ये हा वाडा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. वाड्याच्या वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो, रोज तिकडे बघत काय वाटत असेल त्याला देव जाणे.

परत येताना हायवेने या, पाच दिवस झाले की पुन्हा बोटी नको वाटतात. आणि घरी पोचल्यावर पहिल्या रविवारी गाडी खालून प्रेशरने धुऊन घ्या, जंगलजेट्टीवर खारं पाणी उडतं ते सायलेन्सरला आणि ब्रेकला चिकटून बसतं, माझ्या गाडीचा सायलेन्सर दोन ट्रिपांत गंजला तेव्हा मेकॅनिकने न विचारताच ओळखलं होतं, कोकणात जाऊन आलात वाटतं.